आमदार निवडताना एकदा सांगोल्याकडे बघा

निवडणूक जवळ आली की पारावर, टपरीवर आणि मोबाइलवर एकच चर्चा सुरू होते, यंदा कोण येणार? कुठल्या समाजाची मतं कुणीकडे वळणार, कोण कुणाला आतून मदत करतोय, कुणी कुणाला पाडायचं ठरवलंय, हे सगळे हिशेब आपल्याला तोंडपाठ असतात. पण निवडून गेलेल्या माणसाने पाच वर्षं नेमकं काय करायचं असतं आणि ते त्याने केलं की नाही हे आपण कसं ताडून पाहायचं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी एका आमदाराचं आयुष्य तुमच्यासमोर ठेवतो. ते आयुष्य पुरतं समजून घेतलं, तर पुढच्या निवडणुकीत उमेदवाराला काय विचारायचं हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज पडणार नाही.

हे आमदार म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख. सगळा तालुका त्यांना आबासाहेब म्हणायचा. जन्म १० ऑगस्ट १९२६चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. कायद्याचं शिक्षण घेतलं, सांगोल्यात वकिली केली आणि शेतकरी कामगार पक्षाचं (शेकाप) काम हाती घेतलं. १९६२ साली पहिल्यांदा विधानसभेत गेले. त्यानंतर १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातर्फे, अकरा वेळा. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा वयाची ८८ वर्षं पूर्ण झाली होती. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं.

अकरा वेळा निवडून आले म्हणून थोर, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पैशाच्या, कारखान्याच्या, शिक्षणसंस्थेच्या किंवा दहशतीच्या बळावरही माणसं वर्षानुवर्षं निवडून येतात. आकडा मोठा आहे म्हणून काम मोठं असं होत नाही. सांगोल्याची गोष्ट वेगळी का, ते नीट पाहावं लागेल.

सत्तेबाहेर राहूनही काम होतं

आपल्याकडे एक समज घट्ट रुजलेला आहे. आमदार सत्तेतल्या पक्षाचा असेल तरच निधी येतो, विरोधी पक्षाचा निवडला तर तालुका मागे पडतो. प्रचारात हे वाक्य धमकीसारखं वापरलं जातं, आणि पक्ष बदलणारे आमदारही पुढे हेच कारण देतात, ‘मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो.’

आता गणपतरावांची कारकीर्द पाहा. १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या होत्या. शेकापला मिळाल्या १५. त्या पंधरातले ते एक. तिथून पुढे पक्ष फारसा वाढला नाही, हळूहळू आक्रसत गेला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या मोठ्या नेत्यांनी उभा केलेला हा पक्ष. त्यातले कितीतरी जण काँग्रेसमध्ये गेले. २०१४ साली शेकापचे सगळे मिळून तीन आमदार होते. आबासाहेब दोनदा मंत्री झाले, १९७८मध्ये आणि १९९९मध्ये, पण दोन्ही मिळून ती मोजकीच वर्षं. बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर. काही काळ ते विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते.

म्हणजे ज्याच्या हातात जवळपास कधीच सत्ता नव्हती, अशा माणसाला सांगोल्याने सुमारे पन्नास वर्षं सभागृहात ठेवलं. त्या तालुक्यातली माणसं काही भोळी नव्हती. सांगोला पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. माण नदी वर्षातला बहुतेक काळ कोरडी. मेंढपाळ कुटुंबं मोठ्या संख्येने. कोरडवाहू ज्वारी-बाजरीवर घर चालत नाही म्हणून माणसं ऊसतोडीला आणि शहरात कामाला जाणारी. अशा तालुक्याला सत्तेची, निधीची गरज इतरांपेक्षा जास्तच होती. तरी बहुतेक वेळा त्यांनी ‘सत्तेतला’ आमदार निवडला नाही. कारण त्यांना आपलं म्हणणं सभागृहात न घाबरता मांडणारा माणूस हवा होता.

आणि हे म्हणणं मांडायची साधनं विरोधी आमदारालाही तितकीच मिळतात. तारांकित प्रश्न विचारता येतो, मंत्र्याला सभागृहात उभं राहून त्याचं उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना देता येते. अर्थसंकल्पावर आणि पुरवणी मागण्यांवर बोलता येतं. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती, रोजगार हमी योजना समिती अशा समित्यांवर बसून खात्यांचे हिशेब तपासता येतात. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं गेलं का, हे पाहण्याचं काम आश्वासन समितीचं असतं. ही साधनं वापरायला मंत्रिपद लागत नाही. अभ्यास लागतो आणि सभागृहात बसण्याची चिकाटी लागते. ज्याच्याकडे या दोन गोष्टी नाहीत तो सत्तेत असला तरी तालुक्याच्या कामाचा नाही.

पाणी पाच वर्षांत येत नाही

सांगोल्याच्या प्रश्नाचं नाव एकच, पाणी. आणि पाण्याचा प्रश्न कसा सोडवावा लागतो, हे समजून घेतल्याशिवाय आमदाराचं काम कळत नाही.

कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याची वाटणी न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने केली. त्याचा अंतिम निवाडा १९७६ साली आला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यावर काही पुनरुद्भवाचं, म्हणजे वापरानंतर नदीत परत येणारं, पाणी आलं. या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकत होता. त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवून वापरलं नाही, तर पुढे त्यावर हक्क सांगणं अवघड जाईल, अशी भीती होती. मधल्या दोन दशकांत धरणं अर्धवट, कालवे अर्धवट, आणि कृष्णेच्या कुशीत असूनही माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सांगोला हे तालुके तहानलेलेच राहिले.

नव्वदच्या दशकात वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी या दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणलं. आटपाडीच्या पाणी परिषदेतून ही चळवळ उभी राहिली आणि तेरा तालुक्यांचा आवाज झाली. गणपतराव देशमुख आणि चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर त्यात खांद्याला खांदा लावून होते. मागणी साधी होती. कृष्णेचं पाणी फक्त नदीकाठच्या उसासाठी नाही, दुष्काळी भागातल्या प्रत्येक कुटुंबाचा त्यावर हक्क आहे. ते उचलून आणा आणि समन्यायी वाटा. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. त्याच सुमारास कराडजवळच्या टेंभू इथून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू योजनेचं काम सुरू झालं. सांगोला तिच्या शेपटाकडचा तालुका. शेपटाला पाणी सर्वांत उशिरा पोहोचतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून तिथल्या आमदाराला दर अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला. कालव्याचं काम कुठवर आलं, भूसंपादनाचे पैसे कधी देणार, पंपांचं वीजबिल कोण भरणार? पुढे उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असं सूत्र ठरलं. त्यामागेही अशाच वर्षानुवर्षांच्या आंदोलनांचं बळ होतं.

हे सगळं एका आमदाराने केलं असं मी म्हणत नाही. ते हजारो लोकांनी केलं, अनेक नेत्यांनी केलं, अनेक सरकारांच्या काळात झालं. आणि ते अजूनही पुरतं झालेलं नाही, हेही तितकंच खरं. ज्या माणसाने १९६२पासून पाणी मागितलं, त्याच्या तालुक्यातल्या बऱ्याच शिवारात त्याच्या म्हातारपणीच पाणी दिसलं, काही शिवारांत तेव्हाही दिसलं नाही. टीकाकारांनी हा प्रश्न त्यांना विचारला आणि तो विचारायलाच हवा होता.

पण माझ्या मते यातून आपण मतदारांनी एक गोष्ट शिकायची आहे. कृष्णेचं पाणी आणण्यासारखं काम पाच वर्षांत होत नाही, त्याला तीस-चाळीस वर्षं लागतात. त्याचं उद्घाटन बहुधा दुसराच कुणी करतो. म्हणून बहुतेक आमदार अशा कामाच्या वाटेला जात नाहीत. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, कमान, गल्लीतला सिमेंटचा रस्ता, ही कामं सहा महिन्यांत होतात, फलकावर नाव लागतं, ठेकेदार खूश, कार्यकर्ता खूश. आपणही तेच मागतो म्हणून आमदार तेच देतो. स्थानिक विकास निधीतून आमदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. गावाची सोय त्यातून होते, हे मान्य. पण तालुक्याचं नशीब त्यातून बदलत नाही. तालुक्याचं नशीब कालव्याने, वीज उपकेंद्राने, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या भरलेल्या जागांनी बदलतं. ती कामं सभागृहात बोलून, मंत्रालयात खेटे घालून आणि लोकांना रस्त्यावर उतरवूनच होतात.

सांगोल्याच्या मतदाराने पाणी मागितलं आणि मागत राहिला. आमदाराला त्याने दुसरा विषय हाती घेऊच दिला नाही. मला सांगोल्याचं सगळ्यात मोठं कौतुक याचं वाटतं.

माळरानावरचं डाळिंब

पाण्याची वाट पाहत तिथला शेतकरी हात बांधून बसला नाही. कमी पाण्यात येणारं पीक त्याने शोधलं. आधी बोर, मग डाळिंब. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. खड्डे खणण्यापासून रोपं जगवण्यापर्यंतच्या मजुरीला आणि खर्चाला सरकारी मदत मिळू लागली. ठिबक आलं, शेततळी आली. मुरमाड रानात डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या आणि सांगोल्याचं डाळिंब देशभर गेलं. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालीमारपर्यंत.

हे यश शेतकऱ्याचं आहे. कुठल्याही आमदाराने डाळिंब पिकवलं नाही. पण योजना कागदावरून बांधापर्यंत यायला कुणीतरी तहसीलमध्ये, कृषी खात्यात आणि विधानसभेत भांडावं लागतं. तशीच दुसरी गोष्ट सूतगिरणीची. ज्या तालुक्यात कापूस मुख्य पीक नाही तिथे शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि नीट चालली. राज्यात सहकारी सूतगिरण्यांची कर्जं आणि कुलुपं आपण पाहतच आलो आहोत. सांगोल्याच्या गिरणीचं नाव मात्र चांगल्या कारभारासाठी घेतलं जात असे. तेल्या, मर आणि पिन होल बोरर या रोग-किडींमुळे मधल्या काळात तिथल्या कितीतरी बागा उपटायला लागल्या, तेव्हाही शेतकऱ्याला नुसतं सांत्वन नको होतं. संशोधन, विमा आणि भरपाई हवी होती. लोकप्रतिनिधी लागतो तो यासाठी.

साधेपणा पुरेसा नाही, पण गरजेचा आहे

गणपतराव म्हटलं की लोकांना एसटी आठवते. आमदार असताना आणि मंत्रिपद भोगून झाल्यावरही ते एसटीने फिरायचे. साधे कपडे, साधं राहणं, ताफा नाही. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं ते बहुतेक याच कारणाने.

मला इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. साधेपणा हा गुण आहे, काम नाही. एसटीत बसणारा पण सभागृहात तोंड न उघडणारा आमदार आपल्या उपयोगाचा नाही. निवडणुकीपुरतं झोपडीत जेवायला बसणारे, फोटोपुरता नांगर धरणारेही आपण पाहतो. म्हणून नुसत्या साध्या राहणीवर मत देऊ नका.

तरीही राहणीकडे दुर्लक्षही करू नका. एसटीत बसणाऱ्या माणसाशी कुणीही जाऊन बोलू शकतं. टँकर आला नाही, रेशनवर धान्य मिळालं नाही, पोरीला वसतिगृहात जागा मिळेना, हे त्याला वाटेतच ऐकावं लागतं. दुसरं म्हणजे, ज्याचा राहण्याचा खर्च कमी त्याला ठेकेदारापुढे हात पसरावा लागत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला निवडणूक खर्चाची मर्यादा ४० लाख रुपयांची आहे. प्रत्यक्षात किती खर्च होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण तो तुमच्याच गल्लीत होतो. जो माणूस निवडून येण्यासाठी कोट्यवधी ओततो, तो ते कुठून तरी काढणारच. तुमच्या रस्त्याच्या डांबरातून काढेल, शाळेच्या बांधकामातून काढेल, बदल्यांमधून काढेल. तुम्ही मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घेतलं, तर पुढची पाच वर्षं त्या माणसाला जाब विचारायचा तुमचा अधिकार तुम्हीच विकलेला असतो.

हरणं आणि पक्ष न सोडणं

१९७२ साली गणपतराव हरले. १९९५ साली पुन्हा हरले, तेही १९२ मतांनी. १९२ मतं म्हणजे दोन-चार वाड्या-वस्त्यांवरचे लोक त्या दिवशी घराबाहेर पडले असते किंवा नसते, एवढाच फरक.

दोन्ही पराभवांनंतर ते दुसऱ्या पक्षात गेले नाहीत. लोकांमध्येच राहिले. १९७४ची पोटनिवडणूक आणि १९९९ची निवडणूक, दोन्ही वेळा त्याच तालुक्याने त्यांना परत पाठवलं.

पक्षनिष्ठा ही काही पूजा करण्याची वस्तू नाही. एखाद्याचा पक्ष विचार सोडत असेल तर प्रामाणिकपणे राजीनामा देऊन बाहेर पडण्यात गैर काही नाही. मग पुन्हा लोकांपुढे जावं, मत मागावं. पण आपण पाहतो आहोत ते वेगळंच आहे. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला, २००३ साली तो आणखी कडक केला, तरी २०२२ आणि २०२३मध्ये या राज्यातले दोन मोठे पक्ष उभे फुटले. ज्या चिन्हावर आपण मत दिलं, ज्याच्या विरोधात आपण मत दिलं, ते सगळं मतमोजणीनंतर उलटंपालटं झालं. कोर्टात कोण बरोबर ठरलं हा वकिलांचा विषय. आपला विषय एवढाच की, तुमच्या मताचा अर्थ बदलण्यापूर्वी कुणी तुम्हाला विचारलं का? नसेल विचारलं तर पुढच्या वेळी ते लक्षात ठेवा. माझ्याच बाजूचा माणूस होता म्हणून सोडून देऊ नका. आपल्या बाजूच्याला सोडून देण्यातूनच ही सवय पसरली आहे.

वारसा मागून मिळत नाही

२०१९ साली वयोमानामुळे गणपतराव स्वतः उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. अकरा वेळा ज्याला निवडलं, त्याच्या हयातीत त्याच्या नातवाला सांगोल्याने नाही म्हटलं. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले.

याकडे दोन्ही अंगांनी पाहायला हवं. आमदाराच्या घरात जन्मलेल्या माणसाने राजकारणात येऊच नये असं नाही. पण आजोबांचं काम नातवाच्या खात्यावर जमा होत नाही. २०१९चा निकाल सांगोल्याच्या मतदाराचा अधिकार होता आणि २०२४चाही. यापुढे डॉ. बाबासाहेब देशमुखांना मोजायचं ते त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांवरून, हजेरीवरून आणि पाण्याच्या कामावरून. हेच महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराण्याला लावा. वडिलांच्या पुतळ्याला हार घाला, पण मत देताना मुलाची वही तपासा.

आता तुम्ही काय करायचं

हे सगळं वाचून ‘पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत’ असं म्हणून उसासा टाकू नका. चांगला लोकप्रतिनिधी आपोआप उगवत नाही, त्याला मतदार घडवतो. त्यासाठी फार मोठं काही करायला नको. पुढच्या गोष्टी कुणालाही जमण्यासारख्या आहेत.

१. उमेदवाराचं शपथपत्र वाचा. अर्ज भरताना प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती दहा मिनिटांत काढून देईल. मागच्या निवडणुकीतलं शपथपत्रही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली आणि त्यामागे कुठला धंदा आहे, हे विचारा.

२. आमदाराने सभागृहात काय केलं ते विचारा. किती तारांकित प्रश्न विचारले, कुठल्या विषयावर लक्षवेधी दिली, कुठल्या समितीवर काम केलं. विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदी उपलब्ध असतात. मतदारसंघातल्या पत्रकारांना सांगा की हार-तुऱ्यांच्या बातम्यांऐवजी वर्षातून एकदा हा हिशेब छापा.

३. गावाने मिळून तालुक्याचा एक मोठा विषय ठरवा. कुठे पाणी असेल, कुठे दवाखाना, कुठे मुलींच्या शिक्षणासाठी एसटीची फेरी, कुठे पीकविमा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. तिला जा, ठराव लिहून घ्या, त्याची प्रत मागा आणि आमदाराला द्या. उमेदवार प्रचाराला आला की तोच विषय, तोच ठराव त्याच्यापुढे ठेवा. बायांनो, तुम्ही विशेष जा. डोक्यावरून हंडे तुम्ही वाहता, मग पाण्यावर बोलायचा पहिला हक्क तुमचाच आहे.

४. माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रस्त्याचं अंदाजपत्रक, ठेकेदाराचं नाव, कामाची मुदत ही माहिती मागा. एकट्याने करायची भीती वाटत असेल तर चार-पाच जणांनी मिळून करा.

५. आमदाराकडे नको ते मागू नका. लग्नात आला का, वास्तुशांतीला आला का, मंडळाला किती वर्गणी दिली, पोराला परीक्षा न देता नोकरीला लावलं का, यावर त्याला मोजू नका. आपण त्याला रोज वीस लग्नांना जायला लावतो आणि मग तो अधिवेशनात दिसत नाही म्हणून रागावतो. दुःखाच्या घरी तो आला तर बरंच, पण नाही आला आणि त्या दिवशी विधानसभेत तुमच्या कालव्यावर बोलत होता, तर त्याने तुमचंच काम केलं.

६. पाकीट घेऊ नका. गरिबीने घ्यावंसं वाटतं, मला कळतं. त्या नोटांनी महिना निघत नाही, पण पाच वर्षं जातात. घरातल्या एकाने नाही म्हटलं तर शेजारच्याला नाही म्हणायचा धीर येतो.

७. मत द्या. १९२ मतांनी आणि ७६८ मतांनी निकाल फिरतात, हे सांगोल्याने दोनदा पाहिलं आहे. पुण्या-मुंबईत, सुरतेत, ऊसतोडीला गेलेल्यांनी मतदानाच्या दिवशी गावी येणं अवघड असतं. ज्याला शक्य आहे त्याने यावं. जो कायमचा स्थलांतरित झाला आहे, त्याने राहत्या ठिकाणी नाव नोंदवावं. नाव कुठेच नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

तरुण कार्यकर्त्यांना

शेवटी दोन शब्द त्या मुलामुलींना, ज्यांना राजकारणात यायचं आहे. गळ्यात पक्षाचा गमछा, गाडीच्या काचेवर नेत्याचं नाव आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो, याला राजकारण समजू नका. गणपतरावांनी सुरुवात केली ती कायद्याच्या अभ्यासाने आणि लोकांच्या रोजच्या अडचणी सोडवण्याने. तुम्हीही एक विषय निवडा. आपल्या तालुक्याचं पाणी कुठून येतं, किती येतं, कुणाला मिळतं, हे आकड्यांनिशी शिका. सातबारा, फेरफार, टंचाई आराखडा, कालव्याची आवर्तनं, पीकविम्याचे निकष वाचायला शिका. लोकांचं एक काम हाती घेऊन शेवटापर्यंत न्या, मग दुसरं घ्या. पहिल्या निवडणुकीत हराल, कदाचित दुसरीतही. तेव्हा लगेच दुसऱ्या पक्षाचं दार ठोठावू नका. लोक पाहत असतात आणि लक्षात ठेवतात.

मतदार बंधू-भगिनींनो, सांगोल्यात जे घडलं ते केवळ एका भल्या माणसामुळे घडलं नाही. त्याला पुन्हा पुन्हा निवडणारी, दोनदा पाडणारी आणि नेहमी पाणीच मागणारी माणसं तिथे होती म्हणून घडलं. तुमचाही आमदार तुमच्या मागणीएवढाच मोठा होईल. उमेदवार पुढच्या वेळी दारात येईल तेव्हा ओवाळणी झाली की त्याला बसवा आणि तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नावर पाच वर्षांत तो काय करणार, हे त्याच्याकडून लिहून घ्या. तो कागद जपून ठेवा आणि पाच वर्षांनी तोच त्याच्यापुढे धरा.